तारणारी गुठळी आणि मारणारी गुठळी

माळव्यातील धार आणि देवास ही गावे पवार घराण्याच्या संस्थानांमुळे मराठी माणसास पिढ्यान्‌पिढ्या आपलीच वाटत आली आहेत. धारहून इंदूर सुमारे ६० किलोमीटर, तर देवासहून सुमारे ३५. हृदयविकाराने पीडलेले तेथील अनेक रुग्ण अँजिओग्राफीसाठी इंदूर गाठतात आणि एकदोन दिवसांत घरी परततात. शहरातील डॉक्टर मागे राहतो. जांघेतील अथवा मनगटावरील टिकलीएवढी जखम मात्र घरच्यांच्या हवाली होते. आपल्याही खेड्यांतून हेच घडते. म्हणून या लहानशा जखमेविषयी चार शब्द लिहावे, असे आम्हांस वाटले.

ही तपासणी ज्या रीतीने होते, ती १९५३ साली स्वीडनमधील डॉक्टर सेल्डिंगर यांनी प्रसिद्ध केली. पोकळ सुईने धमनी टोचावयाची, सुईतून बारीक तार आत सरकवावयाची, सुई काढून तारेवरून नळी न्यावयाची. काम संपले की नळी निघते व धमनीस दोन-अडीच मिलिमीटरांचे छिद्र राहते.

ते बुजविण्याची सोय देहातच आहे. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, छिद्राच्या कडेला चिकटून एकमेकींना धरतात. मग फायब्रिन नावाचे चिवट धागे त्यांच्याभोवती विणले जातात आणि गुठळी पक्की होते. परंतु धमनीतील रक्त हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी उसळत असते. पाटाचा बांध फुटला असता वाहत्या पाण्यात टाकलेली माती वाहून जाते. पाण्याचा जोर कमी केला, तरच ती धरते. येथेही तसेच आहे. त्यातच, नळीवर रक्त गोठू नये म्हणून हेपारिन हे औषध दिलेले असते. म्हणून नळी काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे धमनी हाताने दाबून धरतात आणि रुग्णास काही तास पाय सरळ ठेवून निजवितात. धमनी मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावरून जाते तेथेच टोचण्याचे कारणही हेच, की दाबावयास खाली हाड असावे.

१९८९ साली कॅनडातील डॉक्टर कांपो यांनी मनगटातून अँजिओग्राफी केल्याचे प्रसिद्ध केले. तेथे धमनी कातडीलगत असते, दाबणे सोपे जाते आणि हातास रक्त पुरविणारी दुसरी धमनीही असते. त्यामुळे आज पुष्कळ ठिकाणी मनगटच निवडतात.

घरी आल्यावर काही दिवस जड ओझे उचलू नये. जखम जांघेत असल्यास उकिडवे बसणे टाळावे. थोडा काळानिळा डाग पडला तर भिण्याचे कारण नाही. रक्त येऊ लागल्यास रुग्णास ताबडतोब निजवावे, स्वच्छ कापड ठेवून बोटांनी जखमेवर व किंचित वरच्या बाजूस घट्ट दाबावे आणि किमान दहा मिनिटे मुळीच उचलून पाहू नये. हळद, चुना, कॉफीची पूड यांपैकी काहीही भरू नये. धमनीचे रक्त पुडीने थांबत नाही, दाबाने थांबते. रक्त उसळत असेल किंवा थांबत नसेल, तर दाब न सोडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सूज वाढणे किंवा ठणठण उडणे, हात वा पाय गार अथवा बधिर पडणे, कंबर वा पोट दुखून रुग्ण पांढराफटक पडणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. रक्त बाहेर न दिसताही आतल्या आत वाहू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसविला आहे, त्यांस ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या देतात. बिंबिका एकमेकींस चिकटू नयेत, हा त्यांचा हेतू. हिरडीतून थोडे रक्त आले किंवा जखमेभोवती डाग दिसला, की घरची वडीलधारी माणसे मायेपोटी म्हणतात, “गोळी बंद कर बाबा, रक्त फार पातळ झाले.” ही माया घातक ठरू शकते. जी गुठळी जांघेत प्राण वाचविते, तीच स्टेंटमध्ये धरली तर हृदयाचा झटका आणते. गोळी कमी करावयाची, बदलावयाची की थांबवावयाची, हे हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवावे. दात काढावयाचा असला, तरी आधी त्यांस विचारावे.

तेव्हा वाचकहो, रुग्णास घरी आणताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्या: गोळ्यांची नावे, त्या किती महिने घ्यावयाच्या ती मुदत, आणि अडचणीच्या वेळी कोणास विचारावे त्याचा क्रमांक. तो कागद घरातील सर्वांना दिसेल अशा जागी लावावा, आणि जखम कशी दाबावी हे घरातील किमान दोघांनी रुग्णालयातच शिकून घ्यावे.