रिकामा डबा रिकामा नसतो

चांगला डबा टाकून द्यायचा म्हटलं की आपला हात अडखळतो. तुपाच्या बरणीत लोणचं, बिस्किटांच्या डब्यात शेवया, तेलाच्या कॅनमध्ये वापरायचं पाणी. संसार अशाच काटकसरीनं चालतो. पण भगिनींनो, एक डबा असा आहे की त्याच्या बाबतीत ही काटकसर जिवावर बेतू शकते. तो म्हणजे शेतात फवारायच्या औषधाचा डबा.

तुम्ही म्हणाल, "आम्ही गावात राहतो, फवारणीशी आमचा काय संबंध?" पण नांदेड-लातूरकडची किती घरं अशी आहेत की ज्यांची नोकरी शहरात आणि शेत खेड्यात! कापूस, सोयाबीन, तुरीवर फवारणी सुरू झाली की कृषी केंद्रातून आणलेली बाटली रात्रभर आपल्याच घरात असते. फवारणीचे कपडे आपल्याच मोरीत येऊन पडतात. म्हणजे शेतातलं विष घरात येतं ते बहुतेक वेळा आपल्याच हातांतून. शिवाय आपण त्याला 'औषध' म्हणतो. या नावामुळेच भीती मोडते!

बिहारमधली २०१३ सालची गोष्ट आठवते का? १६ जुलैला सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत मुलं दुपारचं जेवली आणि त्यातली २३ मुलं दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेलं असावं, असं अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितलं होतं. इतकं लांब कशाला, पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. म्हणजे हे विष पोटातूनच जातं असं नाही. कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात शिरतं.

मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई झाली आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या बंदीचा आदेश काढला. पण एकावर बंदी आली म्हणून बाकीची निर्धोक ठरत नाहीत. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहायची सवय लावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा असला तरी ते विषच, हे विसरू नका.

घरात ठेवावं लागलं तर
मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिन्याखालचा कोपरा या जागा नकोत. थोडंसं द्यायचं म्हणून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कुणी ओतून देऊ लागलं, तर साफ नाही म्हणा. तहानलेलं पोर वाचून पीत नाही.

कपडे धुताना
फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. शक्यतो शेतावरच बदलून पिशवीतून आणायला सांगा. रबरी हातमोजे घालून आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग साबणाच्या गरम पाण्यातून दोनदा धुऊन उन्हात वाळवा. दिवस गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं या कपड्यांना हात लावू नये.

रिकामा डबा
राखेनं घासा, साबणानं घासा, प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं औषध पुरतं निघत नाही. म्हणून तो दाणे, तेल, पाणी, यांतल्या कशालाही वापरू नका. शेतावरच तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपात ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची, म्हणजे पुन्हा कुणाला मोह होणार नाही. जाळू मात्र नका; तो धूरही विषारीच. विहिरीत, ओढ्यात टाकू नका, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका.

विषबाधा झाली तर
डोकं दुखणं, मळमळ, उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं, धाप लागणं ही लक्षणं आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. कातडीतून विष गेलं असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होतो. म्हणून फवारणीहून आलेला माणूस "ऊन लागलं" म्हणून आडवा झाला, तर त्याला एकटं झोपू देऊ नका.

आधी आपल्या हातांत मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा. त्याचे कपडे काढून अंग, केस, नखं साबण-पाण्यानं धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका; ते फुप्फुसांत उतरण्याची भीती असते. दूध-तुपानं विष उतरत नाही. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन अशा अनेक विषांवर गुणकारी आहे, पण ते दवाखान्यातच मिळणार. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, लातूरला शासकीय वैद्यकीय संस्थेचं रुग्णालय. जे जवळ असेल ते गाठा. आणि औषधाची बाटली बरोबर न्या. कोणतं विष आहे हे डॉक्टरांना चटकन कळणं, यातच निम्मी लढाई असते.

मैत्रिणींनो, शेतात काय फवारायचं हे ठरवताना आपल्याला कुणी विचारत नसेल. पण घरात काय येणार, कुठे राहणार आणि कोणता डबा दाराबाहेरच थांबणार, हे ठरवणं आपल्याच हातात आहे. आज सवड काढून माळा आणि अडगळ एकदा पाहा. तिथे असा एखादा डबा निघाला, तर तो कितीही नवा-कोरा दिसो, मोह आवरा.