हँडल मारा, अंगठा सांभाळा

हिवाळ्याच्या सकाळी फोर्डची मॉडेल टी सुरू करायची म्हणजे अमेरिकन शेतकऱ्याला न्याहारीआधीच व्यायाम घडायचा. रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून कित्येक जण ते रात्री काढून टाकत. सकाळी ते पुन्हा भरायचं. थंडीनं तेल घट्ट झालं की क्लचच्या चकत्या चिकटून बसत आणि इंजिन धडधडू लागताच गाडी समोर उभ्या असलेल्या मालकाच्याच अंगावर चालून येई! यावर तोड एकच : मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवायचं.

हँडल मारणं हीसुद्धा एक विद्याच होती. स्टिअरिंगच्या डावीकडे ठिणगीची वेळ बदलणारी दांडी असे. ती आधी वर सरकवून ठिणगी उशिरा पडेल असं करायचं. ते विसरलं तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून हँडलला मुठीचा विळखा घालायचा नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं. बटणावर चालणारा स्टार्टर या गाडीला 1919 मध्ये मिळाला.

पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. काटा नाही, त्यामुळे गादी उचलून आत काठी बुडवायची. पंपही नव्हता, पेट्रोल आपल्या वजनानं उतरून इंजिनकडे जाई. टाकी अर्धवट रिकामी आणि चढ उभा असला, की इंजिनला पेट्रोलच पोचत नसे. मग गाडी वळवून चढ रिव्हर्समध्ये चढायचा. तेल पाहायचं तर गाडीखाली सरपटत जाऊन दोन छोट्या तोट्या उघडाव्या लागत.

एवढी कटकट लोकांनी का सोसली? 1908 मध्ये 850 डॉलरला विकली जाणारी ही गाडी 1925 पर्यंत 260 डॉलरपासून मिळू लागली, हे एक कारण. पण नुसती स्वस्ताई पुरली नसती. शेतीची अवजारं दुरुस्त करणारा माणूस पाना-पक्कड घेऊन हिची बहुतेक दुखणी स्वतःच काढू शकत होता. शिवाय, मागच्या चाकाला पट्टा लावून तो तिच्यावर लाकडंही कापून घेई.

1927 मध्ये उत्पादन थांबलं, तोवर दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या. तिचं इंजिन मात्र फोर्ड कंपनी 1941 पर्यंत बनवत राहिली.