साडेसातीवरून शनीचं अंतर

ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला किती वर्षं लागतात हे कळलं, की त्याचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर कागदावर काढता येतं. योहानेस केप्लरने 1619 मध्ये छापलेला नियम सांगतो : वर्षांच्या आकड्याचा वर्ग करा, त्या वर्गाचं घनमूळ काढा. येईल तितक्या पट तो ग्रह पृथ्वीपेक्षा सूर्यापासून दूर.

आता पंचांग उघडा. साडेसाती म्हणजे शनीचा तीन राशींतला मुक्काम, साडेसात वर्षांचा. म्हणजे बारा राशींना 30 वर्षं. 30 चा वर्ग 900, घनमूळ सुमारे 9.65. प्रत्यक्षात शनी साडेनऊ पटींहून किंचितच लांब आहे. थोडा फरक पडतो, कारण त्याची फेरी खरं तर साडेएकोणतीस वर्षांची. साडेसातीचा एवढा उपयोग नास्तिकांनाही मान्य व्हावा! गुरूचंही तसंच. नाशिकचा सिंहस्थ साधारण बारा वर्षांनी येतो, तो गुरूच्या फेरीमुळे. 144 चं घनमूळ 5.24, खरा आकडा 5.2.

केप्लरला पटी कळल्या, प्रत्यक्ष अंतरं नाहीत. 1672 मध्ये ज्याँ रिशेने दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून आणि कासिनीने पॅरिसहून मंगळाचं निरीक्षण केलं. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दोन ठिकाणांहून त्याची जागा किंचित वेगळी दिसते. त्यावरून मंगळाचं अंतर आणि मग केप्लरच्या पटींवरून पृथ्वी-सूर्य अंतर सुमारे 14 कोटी किलोमीटर निघालं. आजचा आकडा 14 कोटी 96 लाख, म्हणजेच एक खगोलीय एकक. नेपच्यून अशा 30 एककांवर आहे. सूर्यप्रकाशालाही तिथे पोचायला चार तासांहून जास्त लागतात.