पडद्यापलीकडील वैद्य

रोग्याचें मनगट हातीं घेतल्यावांचून औषध देणें आपल्या वाडवडिलांस पटलें नसतें. परंतु मार्च २०२० मध्यें सरकारनें मोबाइलवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच महिन्यांत 'ई-संजीवनी'वरून घरबसल्या व विनामूल्य डॉक्टर भेटूं लागले. सोय मोठी झाली खरी. मात्र तपासणारा हात मधून नाहींसा झाला. त्याचें बरेंचसें काम आतां रोग्याच्या घरच्यांनींच करावयाचें आहे.

माझ्या वडील बहिणीस गेल्या पावसाळ्यांत चक्कर येऊं लागली. भाच्यानें मोबाइलवर डॉक्टर गांठून दिले. "आजी, गोळ्या कोणत्या घेतां?" असें त्यांनीं विचारतांच अक्का म्हणाली, "एक पांढरी, एक गुलाबी." एवढ्यावरून बिचाऱ्या डॉक्टरांनीं काय ओळखावें? दुसऱ्या खेपेस मीं दोन्ही पाकिटें पडद्यासमोर धरलीं. रक्तदाबाचें एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नांवांनीं तिच्या पोटांत जात होतें! दोन डॉक्टरांनीं तें निरनिराळ्या वेळीं लिहून दिलें होतें, आणि पहिल्याचा कागद दुसऱ्यास कोणी दाखविलाच नव्हता.

म्हणून बोलण्यापूर्वीं एका कागदावर सारें लिहून काढावें. दुखणें केव्हां सुरू झालें, ताप कितीच्या सुमारास किती होता, कोणत्या औषधाचें वावडें आहे, हें सर्व त्यांत यावें. गोळीचा रंग सांगूं नये. पाकिटावरील मूळ औषधाचें नांव उतरावें, काढे व चूर्णेंहि लपवूं नयेत. रक्तदाब मोजण्यापूर्वीं पांच मिनिटें पाठ टेकून, मुकाट्यानें बसावें आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. जिना चढून आल्याबरोबर घेतलेला आंकडा डॉक्टरांची दिशाभूल करतो.

जुने कागद जपण्यासाठीं आतां 'आभा' नांवाचा चौदा अंकी क्रमांक मिळतो. कागद ज्या त्या रुग्णालयांतच राहतात. आपण संमति दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांस दिसतात. त्या संमतीसाठीं येणारा ओटीपी कोणा अनोळखी माणसास सांगणें म्हणजे तिजोरीची किल्ली देणेंच होय.

डॉक्टरांचें नांव व नोंदणी क्रमांक विचारण्यांत संकोच नको. चिठ्ठीवर तो असलाच पाहिजे. अमली वर्गांतील औषधें अशा भेटींत लिहून देतां येत नाहींत, तेव्हां त्यांसाठीं हुज्जत घालूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाचें. छातींत कळ येऊन घाम फुटला, तोंड वांकडें झालें, एक हात लुळा पडला अथवा जीभ अडखळूं लागली, तर पडदा उघडून बसूं नये. मेंदूंतील गांठ विरघळविणारें औषध लक्षणें सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि तत्पूर्वीं मेंदूचें छायाचित्र काढावें लागतें. अशा वेळीं १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी, लक्षण किती वाजतां दिसलें तें लिहून घ्यावें आणि गोळ्यांचा तो कागद रोग्याबरोबर पाठवावा.