उजनीचे पाणी, घरची भिंत

बारामती-इंदापूर भागातील नव्या घरांच्या बैठकीच्या खोलीत चित्र असते, पण ते बहुधा बाजारातून आणलेले छापील दृश्य असते. घरापासून तासाभराच्या अंतरावर भीमेचे विस्तीर्ण पाणी, ऊसमळे आणि कुसळी गवताची माळराने असताना भिंतीवर मात्र हिमशिखरे आणि देवदार दिसतात. आपल्या परिसराचे चित्र घरीच कॅनव्हासवर करता येते आणि त्यासाठी चित्रकलेची पदवी लागत नाही. कॅनव्हास म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून, अस्तर देऊन रंगकामास योग्य केलेले जाड कापड, आणि या कलेतील निम्मे यश रंगाची नळी उघडण्यापूर्वीच ठरलेले असते.

मराठी घरांच्या भिंतींवर छापील चित्रे येण्यामागे राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या ओलिओग्राफमुळे, म्हणजे तैलचित्राचा भास देणाऱ्या रंगीत शिळाछाप प्रतींमुळे, लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या. कापडावर रंगकाम करण्याची परंपराही येथे जुनीच असून कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे चित्रपटांकडे वळण्यापूर्वी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. आज एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा सराव असलेली मुले गावोगावी आहेत. मात्र हा सराव कागदावरचा असतो, आणि कागद व कापड यांच्या स्वभावात फरक आहे.

दिवाणामागच्या भिंतीसाठी २४ × ३६ इंचांचा कॅनव्हास सोयीचा ठरतो. चौकटीसाठी वाळलेल्या, सरळ लाकडाच्या पट्ट्या घेऊन त्यांची टोके ४५ अंशांत कापून जोडावीत आणि चौकट गुण्यात आहे की नाही हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे. या मापात प्रत्येक कर्ण सुमारे सव्वात्रेचाळीस इंच भरला पाहिजे, आणि दोहोंत फरक आढळला तर खिळे पक्के करण्यापूर्वीच चौकट दाबून सारखी करावी. पट्ट्यांची समोरची आतली कड रंध्याने उतरती करणे अत्यावश्यक आहे, कारण ती तशी न केल्यास कापड लाकडाला टेकते आणि काही दिवसांत चित्रावर चौकटीचीच रेघ उमटते. कापड म्हणून जाड सुती डक उत्तम. लहान चित्राला घट्ट विणीचा मांजरपाट, म्हणजे न धुवटलेले साधे सुती कापड, चालतो. चारही बाजूंनी तीन इंच अधिक ठेवून कापड कापावे आणि त्याचे उभे-आडवे धागे चौकटीला समांतर ठेवावेत. पहिला खिळा एका बाजूच्या मध्यावर, दुसरा समोरच्या बाजूच्या मध्यावर, नंतर उरलेल्या दोन बाजूंचे मध्य, आणि मग मध्याकडून कोपऱ्यांकडे सरकत जावे. कोपऱ्यांपासून सुरुवात केल्यास कापडात तिरक्या सुरकुत्या पडतात आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत.

कोऱ्या कापडावर थेट रंग लावला तर ते तो पिऊन टाकते, आणि रंग तैल असेल तर नुकसान याहून खोल होते. तैलरंगातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून कडक होते; तीच क्रिया कापडाच्या धाग्यांपर्यंत पोहोचली की ते ठिसूळ होत जातात. म्हणून मध्ये अस्तर हवे. सध्या त्यासाठी ॲक्रिलिक गेसो वापरतात. ॲक्रिलिक या कृत्रिम राळेच्या पातळ द्रावात खडूची पूड आणि पांढरे रंगद्रव्य मिसळून तो तयार केलेला असतो. त्याचा पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, आणि मध्ये बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. फेव्हिकॉल, व्हायटिंग आणि पाणी यांचे घरगुती अस्तर स्वस्त पडते व सरावासाठी योग्यही आहे, परंतु त्यात खडू जास्त झाला की चित्र गुंडाळताना तडे जातात.

रंगांपैकी ॲक्रिलिक हे घरी काम करणाऱ्यासाठी सर्वांत सोयीचे, कारण ते पाण्यात कालवता येतात आणि वाळल्यावर पाण्याने सुटत नाहीत. पर्जन्यछायेतील या कोरड्या तालुक्यांत मार्च ते मे या महिन्यांत मात्र ते पॅलेटवरच पाहता पाहता सुकतात. यावर उपाय म्हणजे पॅलेटवर ओले फडके पसरून त्यावर चोपडा कागद ठेवणे, त्यावर रंग काढणे आणि पंखा बंद ठेवणे. तैलरंगाच्या थरावर ॲक्रिलिक धरत नाही. उलट क्रम चालतो.

विषयासाठी भिगवणच्या परिसरापर्यंत गेले तरी पुरे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने इंदापूर तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर त्यांतलेच, पाणी फार उतरले की पुन्हा दिसणारे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. हौशी चित्रांत हा पक्षी हमखास गुलाबी रंगवला जातो आणि तेथेच चित्र खेळण्यासारखे दिसू लागते. वास्तवात उभा रोहित दुरून मळकट पांढरा दिसतो, पोटाखाली निळसर राखाडी सावली असते, आणि गडद गुलाबी व काळा हे रंग तो पंख उघडतो तेव्हाच दिसतात. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव त्यावरूनच आले आहे. म्हणून थव्यातील बहुतेक पक्षी फिके ठेवून उडणाऱ्या दोन-तीन पक्ष्यांनाच शुद्ध गुलाबी देणे अधिक खरे ठरते. पाण्याचा निळाही नळीतून काढलेला तसाच वापरू नये. अल्ट्रामरीनमध्ये पांढरा आणि किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे भाजलेल्या मातीचा तांबूस रंग, मिसळला की उजनीचे धुळकट, राखी पाणी मिळते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणाने काळ्या रानाची ओलसर छटा येते, जी तयार काळ्याने कधीच येत नाही.

उसाचा तुरा रंगवण्यासारखा असतो: रुपेरी, मागून ऊन आले की फिकट जांभळा. सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यातील चिंकारा पिवळ्या गवतात जवळजवळ मिसळून जातो. संत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती काटेवाडीत होणारे मेंढ्यांचे रिंगण आणि तेथे अंथरल्या जाणाऱ्या धोतरांच्या पायघड्या हा या भागाचाच विषय आहे. त्यावर मोठ्या आकाराची चित्रे व्हायला हवीत.

स्वतः काढलेले ४ × ६ इंचांचे छायाचित्र २४ × ३६ इंचांच्या या कॅनव्हासवर नेमके सहापट मोठे होते. छायाचित्रावर एक इंचाचे २४ चौकोन आखून कॅनव्हासवर सहा इंचांचे तितकेच चौकोन फिकट पेन्सिलीने आखले की रेखाटन प्रमाणात उतरते. कागदावरील जलरंगात पांढरी जागा कोरी सोडण्याची सवय असते. ॲक्रिलिकमध्ये आधी गडद आणि मधल्या छटा भरून उजेड शेवटी वर चढवावा.

चित्र टांगताना त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे ५८ इंचांवर, उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीत ठेवावा आणि न्हाणीघराला लागून असलेली, ओल धरणारी भिंत टाळावी. चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांना रबराचे लहान तुकडे चिकटवले की भिंत आणि कापड यांमधून हवा खेळती राहते. ऊसपट्ट्यातील घरांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. तोडणीनंतर शेतात पाचट पेटवले जाते तेव्हा त्याची काजळी वाऱ्यासोबत खिडकीतून आत येते आणि ॲक्रिलिकच्या किंचित मऊ पृष्ठभागावर चिकटून बसते; चित्र पूर्ण वाळल्यावर ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात दिलेले असल्यास ती मऊ कोरड्या कुंचल्याने झटकता येते.