ऐकणाऱ्याचं कॅलिब्रेशन

भोसरीतला आठ माणसांचा गाळा असो की चाकणमधला हजारोंचा कारखाना, तिथल्या प्रत्येक व्हर्निअरवर, मायक्रोमीटरवर, डायल गेजवर एक चिमुकलं स्टिकर असतं. त्यावर दोन तारखा. मागची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी आहे. पुढची तारीख उलटली की ते साधन बाजूला काढून ठेवायचं, मग ते अगदी बिनचूक मोजतंय असं वाटत असलं तरी. रोजच्या हाताळणीनं त्याचे जबडे झिजतात, आणि झिजलेलं व्हर्निअर आपण झिजलोय हे काही सांगत नाही. पूर्वीइतक्याच ठामपणे आकडा दाखवत राहतं. ऑडिटला आलेला माणूस म्हणून आधी स्टिकर बघतो.

याच औद्योगिक पट्ट्यात मोजमापाचं आणखी एक साधन रोज वापरलं जातं. दार लावलेली छोटी खोली, दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा. समोरच्याचं दुःख किती खोल आहे हे सांगणारी रक्ततपासणी नाही की एक्स-रे नाही. आवाज कुठे बसला, कुठल्या वाक्यानंतर माणूस गप्प झाला, 'घरचं सगळं ठीक आहे' म्हणताना नजर कुठे गेली, हे टिपायला तिथे फक्त एक माणूस असतो: समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. त्याचं लक्ष, त्याची कालची झोप, ऐकताना त्याच्या पोटात पडणारा खड्डा, हीच त्याची अवजारं. आणि चकित करणारी गोष्ट ही, की हे साधन जे मोजतं त्यानंच झिजतं.

झीज ही इथे नुसती म्हणायची गोष्ट राहिलेली नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत प्रेसखाली बोटं जाण्याचे अपघात कसे होत राहतात, हे 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' नावाच्या अहवालांतून मांडत आली आहे. समजा, अशाच एका प्रेस ऑपरेटरनं टाके निघाल्यावर समुपदेशकासमोर बसून तो क्षण सांगितला. ऐकणाऱ्याची मूठ आपोआप आवळली जाते. का? फिलिप जॅक्सन, अँड्र्यू मेल्टझॉफ आणि जाँ डेसेटी यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हातापायांची छायाचित्रं दाखवली होती: दारात सापडलेलं बोट, सुरीखाली आलेला अंगठा. बघणाऱ्याला काहीच इजा नव्हती. तरी त्याच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग, जे आपलंच दुखतं तेव्हा जागे होतात, ते जागे झाले. दुसऱ्याची वेदना समजून घ्यायला मेंदू आपल्याच वेदनेच्या यंत्रणेचा काही भाग वापरतो. तिच्यासाठी अगदी वेगळी खोली त्याच्याकडे नाही.

मग दिवसाला सहा-सात जणांचं ऐकणारा माणूस वेडा कसा होत नाही? याचं एक उत्तर तैवानमधून आलं. यावेई चेंग आणि सहकाऱ्यांनी 2007 साली ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना शरीरात सुई टोचतानाची दृश्यं दाखवली. सामान्य बघ्यांच्या मेंदूत वेदनेचे भाग पेटले. डॉक्टरांच्या मेंदूत ते शांत राहिले आणि कपाळामागचे, भावनांना लगाम घालणारे भाग कामाला लागले. सरावानं मेंदू दार लोटायला शिकतो. सुया टोचणाऱ्याला हे ठीक आहे. दाढ काढणाऱ्यालाही. पण ज्याचं काम सुई टोचण्याचं नाही, समोरच्याला काय टोचतंय हे ओळखण्याचंच आहे, त्यानं दार लोटलं तर उरलं काय? इथे उपचारकाचा खरा पेच सुरू होतो. उघडं राहिलं तर झिजायचं, बंद झालं तर निकामी व्हायचं.

या पेचातून तिसरी वाट आहे असं सुचवणारा प्रयोग मला अजूनही अविश्वसनीय वाटतो. मॅथ्यू रिकार हा फ्रेंच माणूस रेणवीय जनुकशास्त्रात पीएचडी करून पुढे बौद्ध भिक्खू झाला. तानिया सिंगर या मेंदूशास्त्रज्ञानं 2007 मध्ये त्याला स्कॅनरमध्ये झोपवलं आणि सांगितलं, करुणा बाजूला ठेव, फक्त दुसऱ्याचं दुःख आपलं करून घे. आदल्या दिवशी त्यानं रुमानियातल्या अनाथालयातल्या मुलांवरचा माहितीपट पाहिला होता. तीच मुलं त्यानं डोळ्यांसमोर आणली. हजारो तास ध्यान केलेला हा गडी तासाभरातच पुरता थकून गेला. मग त्याला करुणेकडे वळायची मोकळीक मिळाली, म्हणजे मुलं तीच, दुःख तेच, पण मनात त्यांच्या भल्याची ऊबदार इच्छा. थकवा ओसरला. स्कॅनरमधलं चित्रही बदललं. पुढे ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी हेच सामान्य लोकांवर करून पाहिलं. आधी नुसत्या सहवेदनेचं प्रशिक्षण दिलं, तर दुःखाचे व्हिडिओ पाहून त्यांचं मन आणखी खचलं. त्याच लोकांना नंतर करुणेचं प्रशिक्षण दिलं, तर खचणं कमी झालं, आणि मेंदूतले आपुलकीशी, समाधानाशी जोडलेले भाग जागे झाले. म्हणजे 'फार गुंतू नकोस' हा आपल्याकडचा वडीलधारा सल्ला अर्धाच खरा. कमी गुंतण्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेनं गुंतणं शक्य आहे, आणि ते शिकवता येतं.

थकव्याला नाव देणारा माणूसही थकूनच त्या नावापर्यंत पोचला होता. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर न्यूयॉर्कमध्ये दिवसभर आपली प्रॅक्टिस करायचा आणि संध्याकाळी फुकट चालणाऱ्या दवाखान्यात, व्यसनी पोरांमध्ये, रात्री उशिरापर्यंत राबायचा. स्वतःची आणि सहकाऱ्यांची अवस्था बघून त्यानं 1974 मध्ये 'बर्नआउट'वर लेख लिहिला. सगळ्यात आधी जळतात ते झोकून देणारे, हे त्याचं निरीक्षण. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउट हा आजार नसून कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था आहे असं म्हटलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. अवस्था कामातून येत असेल, तर उपायाचा मोठा भागही कामाच्या रचनेतच शोधायला हवा. वर्षातून एकदा हॉल घेऊन 'स्वतःची काळजी घ्या' असं सांगायचं, फुगे फोडायला लावायचे आणि चहा-समोसा द्यायचा, याला मी उपाय म्हणणार नाही.

रचना म्हणजे काय, हे पाहायला थोडं मागे जाऊ. 1920 मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या मनोविश्लेषण संस्थेत अशी रीत पडली, की ज्याला दुसऱ्याचं मन तपासायचंय त्यानं आधी स्वतःचं तपासून घ्यायचं, आणि सुरुवातीच्या केसेस एखाद्या जाणत्याच्या देखरेखीखाली चालवायच्या. 1937 साली, ऐंशी ओलांडलेल्या फ्रॉइडनं एका निबंधात याहून पुढचं सुचवलं: प्रत्येक विश्लेषकानं दर पाच वर्षांनी पुन्हा एकदा रुग्णाच्या जागी जाऊन बसावं, आणि त्यात लाज बाळगू नये. स्टिकरवरची ड्यू डेटच म्हणा ना! ही पाच वर्षांची सूचना रूढ झाली नाही. देखरेखीची रीत, म्हणजे सुपरव्हिजन, मात्र टिकली. आजही चांगला थेरपिस्ट ठरावीक काळानं आपल्याहून अनुभवी थेरपिस्टसमोर बसतो. नावगाव झाकून केस मांडतो, आणि खरी चर्चा बरेचदा केसपेक्षा त्याचीच होते. या एकाच माणसाच्या सेशनला तुला दर वेळी उशीर का होतो? या बाईंना तू इतके सल्ले का देतोस?

सुपरव्हिजन लागतं यामागे आणखी एक कारण आहे, ते बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. सेकंड शिफ्ट करून घरी आलेला माणूस जेवताना सुपरवायझरला चार शिव्या घालून मोकळा होतो. उपचारकाला ती सोय नाही. रुग्णाची गुप्तता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, 23व्या कलमात, दिलेला हक्क आहे. दिवसभर काय ऐकलं हे नवऱ्याला, बायकोला, आईला सांगता येत नाही. रात्री भाजी चिरताना कुणी विचारलं, 'आज एवढी गप्प का?', तर उत्तर 'काही नाही'. ते 'काही नाही' घेऊन जायला सुपरव्हिजन ही एकच रीतसर जागा आहे. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांचे फोन घेणाऱ्या 'समॅरिटन्स' या संस्थेनं, जी 1953 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, हे फार साधेपणानं सोडवलं. पाळी संपली की घरी जाण्याआधी स्वयंसेवकानं त्या पाळीच्या प्रमुखाशी बोलायचं, मनातलं उतरवून ठेवायचं, मगच निघायचं.

मग थेरपिस्टच्या सुपरवायझरला कोण तपासणार? कारखान्यातल्या गेजची साखळी फार देखणी असते. इथलं गेज प्रयोगशाळेतल्या गेजशी पडताळायचं, ते त्याहून अचूक मापाशी, आणि असं करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचायचं. तिथे भारताचा अधिकृत किलोग्रॅम, क्रमांक 57, जपून ठेवलेला आहे. 20 मे 2019 पासून तर किलोग्रॅम धातूच्या ठोकळ्यावरही अवलंबून नाही, निसर्गातल्या एका स्थिरांकावर टेकलेला आहे. माणसांच्या साखळीला असा शेवटचा स्थिरांक नाही. सुपरवायझरचा सुपरवायझर, त्याचाही कुणीतरी, आणि सगळेच झिजणारे. तरीही ती साखळी काम करते. मला याचं वाटणारं नवल कमी झालेलं नाही.

उपचारकाच्या या झिजेला भिडलेली काही माणसं महाराष्ट्राच्या ओळखीची आहेत. अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराची ओळख कि. मो. फडके यांनी मराठी वाचकाला करून दिली. याच एलिसनं 1983 मध्ये खास उपचारकांसाठी एक निबंध लिहिला. विषय होता तुमचा सगळ्यात अवघड रुग्ण, म्हणजे तुम्ही स्वतः. उपचारकांच्या डोक्यात घर करून बसलेले हट्ट त्यानं त्यात उघडे पाडले. प्रत्येक रुग्ण माझ्यामुळे बरा झालाच पाहिजे. प्रत्येकाला मी आवडलोच पाहिजे. मी इतके कष्ट घेतो, तर समोरच्यानंही घेतलेच पाहिजेत. रुग्णाच्या तोंडी असा 'च' आला की थेरपिस्ट लगेच पकडतो, स्वतःच्या तोंडचा त्याला ऐकू येत नाही. एलिसचा सल्ला असा, की जी तंत्रं दुसऱ्याला शिकवता ती आधी स्वतःवर चालवा.

येरवड्याचं 'मुक्तांगण' हे दुसरं उदाहरण, आणि मला ते जास्त विलक्षण वाटतं. 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन सोडलेल्या माणसांनाच तिथे समुपदेशक म्हणून घडवण्यात आलं. आता कल्पना करा, दारू सोडून काही वर्षं झालेला माणूस रोज सकाळी दारूनं थरथरणाऱ्या माणसासमोर बसतो. त्याचं साधन दुप्पट संवेदनशील, आणि धोकाही दुप्पट. व्यसनमुक्तीतला एक जुना धडा इथे कामी येतो: आपण एकट्यानं सांभाळू शकतो असं वाटणं हीच पहिली घसरण असते. म्हणून गटात बसायचं, आपली आजची अवस्था बोलायची, मदत मागायची. हे तिथल्या रुग्णाला जितकं लागू, तितकंच बऱ्या होत असलेल्या समुपदेशकालाही. पदवीधर थेरपिस्टांना जे वर्गात शिकवावं लागतं, ते या लोकांना आधीच ठाऊक असतं. अनिल अवचट स्वतः बासरी, ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम यांत रमायचे. 'छंदांविषयी' नावाचं पुस्तकच आहे त्यांचं. ज्यांचे दिवस गर्द या मादक पदार्थाच्या कहाण्यांमध्ये गेले, त्यांच्या हातात कायम कागद घडी घालायला असायचा, यामागे मला नुसती हौस दिसत नाही. कागद घडीला प्रतिसाद देतो, आणि तो लगेच डोळ्यांना दिसतो. माणसाचं तसं नसतं; कधी वर्ष जातं, कधी काहीच होत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या आणि चाकणच्या पट्ट्यात हे सगळं जास्त निकडीचं आहे. देशात दर लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही, आणि 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार गरज असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक 70 ते 92 टक्के होतं. त्यात इथला माणूस लातूरचा, बुलढाण्याचा, बिहारचा, ओडिशाचा. खोलीत पाच जण, पाळ्या आलटून पालटून, कंत्राट अमुक महिन्यांचं. त्याची निम्मी वेदना पगाराच्या चिठ्ठीत असते आणि ती थेरपीनं सुटत नाही. इथल्या समुपदेशकाला पोखरणारी गोष्ट नुसती दुःख ऐकणं ही नाही. उपाय माहीत असून तो आपल्या हातात नाही, हे रोज पाहणं ही आहे. अशा वेळी भंडारा किंवा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसा, हा सल्ला वाईट नाही. तुकोबा या डोंगरांवर जात, आणि आज चाकण एमआयडीसी भामचंद्राच्या पायथ्याशी येऊन ठेपली आहे. पण डोंगरावरून उतरल्यावर दिवसाला बारा अपॉइंटमेंट वाट बघत असतील तर डोंगर काय करणार? आकडा बारावरून सातवर आणणं, दोन माणसांमध्ये दहा मिनिटं मोकळी सोडणं, आघाताच्या केसेस एकाच्याच वाट्याला लागोपाठ न देणं, सुपरव्हिजनचा तास पगारी कामाच्या वेळेत धरणं, हे कंटाळवाणे वाटणारे निर्णय असतात. ते व्यवस्थापकानं घ्यायचे असतात, थेरपिस्टनं नव्हे.

आणि झीज ही एकच दिशा नसते, हेही सापडलं आहे. पिलार हर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी कोलंबियात, राजकीय हिंसाचारात पोळलेल्यांवर उपचार करणाऱ्या थेरपिस्टांच्या मुलाखती घेतल्या आणि 2007 मध्ये निष्कर्ष छापले. अपहरणं आणि खून ऐकत आलेली ही माणसं खचण्याबद्दल बोललीच, पण आपल्या रुग्णांना पुन्हा उभं राहताना बघून आपणही बदललो, असंही त्यांनी सांगितलं. स्वतःच्या अडचणी वेगळ्या मापात दिसू लागल्या, माणसाच्या चिवटपणावरचा विश्वास वाढला. समोरच्याची वेदना ज्या वाटेनं आत येते, त्याच वाटेनं त्याचं बळही येतं. फक्त ते येतंय याकडे लक्ष द्यावं लागतं, कारण दुखणं आपोआप लक्षात राहतं आणि बरं होणं बहुतेकदा नोंदलंच जात नाही. म्हणून काही सुपरवायझर बैठकीत अवघड केसच्या आधी विचारतात: या महिन्यात कोण थोडं बरं झालं, आणि ते बघताना तुला काय झालं?