लेखणी, श्रद्धा आणि कायदा

नागपूर-हैदराबाद मार्गावरील आमच्या पांढरकवड्याच्या बाजारांत मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगु व उर्दू या भाषा एकाच दिवशीं कानीं पडतात. आणि शाळेच्या एकाच बांकावर निरनिराळ्या धर्मांचीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात. अशा ठिकाणीं दुसऱ्याच्या धर्माविषयीं काय बोलावें व कितपत बोलावें, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीं. म्हणून त्याचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. हिंदु, पारशी व मुसलमान या तिन्ही धर्मांच्या पंडितांशीं त्यांनीं वाद केले. इस्लामच्या समर्थनार्थ हाजी महंमद हाशिम यांनीं लेखणी उचलली आणि १८३६ सालीं विल्सन यांनीं त्यांस प्रत्युत्तर छापिलें. त्या लिखाणांतील शब्द सौम्य होते असें नाहीं. मिशनऱ्यांच्या लेखणीनेंही अनेकांचीं मनें दुखविलीं, हें मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्यांनीं तरी मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. तथापि ग्रंथास ग्रंथानें उत्तर मिळालें, ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे.

१८७४ सालीं मात्र निराळें घडलें. अमेरिकन ग्रंथकार वॉशिंग्टन अर्व्हिंग यांनीं लिहिलेल्या पैगंबरचरित्राच्या आधारें एका पारशी लेखकानें गुजरातींत मजकूर प्रसिद्ध केला. मुसलमानांस तो अपमानकारक वाटला. पुस्तक परत घेतलें गेलें, तरी ता. १३ फेब्रुवारी, शुक्रवार रोजीं मुंबईंत दंगल उसळली व पारशांच्या अग्यारींवर आणि घरांवर हल्ले झाले. ज्यांनीं तें पुस्तक कधीं पाहिलेंही नसेल, अशांस त्याचें प्रायश्चित्त भोगावें लागलें!

या बाबतींत कायदा काय म्हणतो? मेकॉले यांच्या १८३७ च्या मसुद्यावरून तयार झालेल्या १८६० च्या दंड संहितेंत, धर्मभावना दुखविण्याच्या बुद्धिपुरस्सर हेतूनें शब्द उच्चारणें हा गुन्हा ठरविला होता. पुढें लाहोर येथें पैगंबरांवरील एका उपहासपर पुस्तिकेचा प्रकाशक १९२७ सालीं हायकोर्टांतून सुटला, कारण त्याचें कृत्य त्याच्यावर लाविलेल्या कलमांत बसेना. आणि त्याच वर्षीं २९५-अ हें नवें कलम आलें. लिखाण व चित्र दोन्ही त्याच्या कक्षेंत येतात. परंतु हेतु बुद्धिपुरस्सर व द्वेषमूलक असला पाहिजे. अजाणतां वा निष्काळजीपणें झालेला अपमान त्यांत येत नाहीं, म्हणूनच १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनेशीं सुसंगत ठरविलें. ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत हीच तरतूद २९९ व्या कलमांत आहे.

कागदावरील हा भेद व्यवहारांत किती नाजूक ठरतो, तें २०१५ च्या जानेवारींत दिसलें. ता. ७ रोजीं पॅरिस येथें पैगंबरांचीं व्यंगचित्रें छापणाऱ्या ‘शार्ली एब्दो’ या पत्राच्या कचेरीवरील हल्ल्यांत बारा जणांचे प्राण गेले. त्यांत एक मुसलमान पोलीसही होता. त्या पत्राचें एक मुखपृष्ठ मुंबईच्या ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकांत छापलें गेलें. संपादिका शिरीन दळवी स्वतः मुसलमान. त्यांनीं क्षमा मागितली. तरीही २९५-अ कलमाखालीं गुन्हे नोंदले गेले, त्यांस अटक झाली व पत्राची मुंबई आवृत्ति बंद पडली. हेतूचा निर्णय व्हावयाचा तो न्यायालयांत. परंतु शिक्षा त्यापूर्वींच भोगून झाली, असें आम्हांस वाटतें.

कायदा द्वेषास आवर घालूं शकेल. परंतु शेजाऱ्याविषयींचा आदर कोणत्याही कलमानें उत्पन्न होत नाहीं. तो बांकावरच शिकावा लागतो. यास्तव आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस आम्ही दोन प्रश्न सुचवितों. बोलणाऱ्यानें स्वतःस विचारावें : मी एखाद्या मताचें खंडन करीत आहें, कीं तें मत मानणाऱ्या माणसास हिणवीत आहें? आणि दुखावलेल्यानें विचारावें : हा मजकूर मीं स्वतः वाचला आहे काय, व ज्याच्यावर मी रागावलों आहें त्यानेंच तो लिहिला आहे काय? हा दुसरा प्रश्न १८७४ सालीं मुंबईच्या रस्त्यांत पुरेशा लोकांनीं स्वतःस विचारला असता, तर कित्येक निरपराध घरांचीं दारें शाबूत राहिलीं असतीं.